गेणूचं पान

“आता ह्यावर तुमचा कुणाचा इस्वास बसायचा न्हाई,” असं म्हणून हौशीरामनं बशीतला चहा फुर्रकन ओढला आणि मळवली स्टेशनाबाहेरच्या दुकानात बाकड्यावरची माणसं जरा पुढं सरकली. हे वाक्य हौशीरामच्या तोंडून निघालं, की गाडी चुकली तरी चालेल पण उठायचं नाही, असा तिथला शिरस्ता होता.

त्या दिवशीची गोष्ट होती शेवंतीची. शेवंती म्हणजे पलटणीतलं खेचर. हौशीराम मोठ्या लढाईत बसऱ्याच्या बाजूला खेचरं हाकायला गेला होता, एवढं खरं. त्यापुढचं मात्र दर पावसाळ्यात गवतासारखं वाढत गेलं होतं. शेवंतीच्या पाठीवर अख्खी तोफ, समोर पुरानं फुगलेली नदी आणि पल्याड तुर्काची फौज. शेवंती पाण्यात शिरली, मधोमध जाऊन थांबली आणि तिनं मान वळवून साहेबाकडं पाहिलं. साहेब झाडामागं.

“मग तोफ उडवली कुणी?”

“तिनंच. श्येपटीनं.”

“आन निशाणा?” हे विचारलं बजरंगनं. बजरंग हौशीरामच्याच भाजे गावचा, लोणावळ्याला इंजनाच्या शेडमध्ये कोळसा ओढायला जायचा आणि हौशीरामच्या गोष्टींतली भोकं मोजायला परत यायचा.

“निशाणा कसा धरत्यात, बजरंगा? येक डोळा मिटून. खेचराला डोळा मिटता येतो. तुझ्याकडं बघून कुण्या खेचरानं आजवर मिटला नसंल, त्याला म्या काय करू?”

बाकडं हसण्यानं हललं. बजरंगही हसला. मग त्यानं कप खाली ठेवला आणि म्हणाला, “भाऊ, काकीनं बोलवलंय तुमाला. जोशीबुवा येऊन बसल्यात. गेणूदादाचं इचारायचंय.”

हसणं तिथंच सांडलं. हौशीरामनं रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली.

गेणू म्हणजे झुंबरबाईचा एकुलता एक. तो आणि हौशीराम एकाच दिवशी भाज्याहून निघाले होते. दोघं घाटातून तट्टांवर मीठ आणायचे, जनावराला हात लावला की जनावर ऐकायचं, म्हणून सरकारनं दोघांना खेचरांवर घेतलं. एकाच पलटणीत, एकाच तंबूत. आणि ज्या गावाला तुर्कानं वेढा घालून त्यांना कोंडलं, त्या गावाचं नाव होतं कुट.

आता ह्या नावानं भाज्यात काय गोंधळ घातला तो ऐका. शेवटी साहेबानं हत्यार खाली ठेवलं तेव्हा तुर्कानं आजारी माणसं सोडून दिली, त्यांत हौशीराम सुटला आणि हाडं मोजून घ्यावीत असा होऊन मळवलीला उतरला. झुंबरबाई फलाटावर उभीच होती.

“माझा गेणू कुटं?”

“कुटला,” हौशीराम म्हणाला.

“आरं, म्या तेच इचारतीया. कुटं?”

“कुटलाच, मावशी. कुटला ऱ्हायला.”

म्हातारीला वाटलं, उन्हानं पोराचं डोकं फिरलंय. आजूबाजूची माणसं हसली. मग गावात ती चालच पडली. कुणाची कोयती हरवली, की “कुटं?” “कुटला,” आणि सगळे हसायचे. झुंबरबाई कधी हसली नाही. वडगावच्या कचेरीतून निरोप आला होता तो ‘बेपत्ता’ एवढाच. मेला म्हणावं तर हौशीरामसुद्धा तसं सांगत नाही, विचारलं की खेचराची गोष्ट काढतो; जिता म्हणावं तर येत नाही. रोज दिवेलागणीला ती देवापुढं हात जोडून म्हणायची, “गेणू, कुटं आसशील तितनं ये.” हौशीराम एकदा तिच्या दारावरून जाताना हे ऐकून थबकला होता. तिला ठाऊक नव्हतं, पण ती पत्ता बरोबर सांगत होती. त्यानंतर दिवेलागणीला तो त्या आळीनं जात नसे.

बेपत्ता माणसाची एक तप वाट बघायची, असा रिवाज. त्या वर्षी तप भरलं. भातलावणी उरकल्यावर श्रावणात पळसाच्या पानांचा गेणू केला, त्याला इंद्रायणीकाठी अग्नी दिला आणि झुंबरबाईचा पुतण्या म्हणून बजरंगनं सगळं केलं. हौशीराम तेव्हा दात काढायला लोणावळ्याला गेला होता. तोच दात त्यानं त्याआधीही दोनदा काढला होता. पण कुणी बोललं नाही.

दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला नाही. सकाळची दुपार झाली, दुपार कलली. शेवटी जोशीबुवांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. शास्त्रात तसं चालतं. झुंबरबाईला ते चाललं नाही.

“गवताचा कावळा,” ती म्हणाली, “गवताचंच पोट भरील.”

आणि तेव्हापासून तिच्या घराचं काहीतरी बिघडलं होतं.

हौशीराम बजरंगामागून त्या घरी पोचला तेव्हा दिवसाउजेडीही पडवीत अंधारून आलं होतं. विसापूरचा डोंगर ढगात बुडालेला. जोशीबुवा टाकव्याहून भिजत आले होते, घोंगडीवर बसून पाय पुसत होते. कोपऱ्यात एका पितळीत भात वाढून ठेवला होता, उघडाच.

“कुणाचं पान?” हौशीरामनं विचारलं.

“गेणूचं,” झुंबरबाई म्हणाली. “श्रावणापासनं रोज ठिवते. कालचा हाय तो.”

हौशीराम वाकला. भात वाळून खडे झाला होता, पण त्याला मुंगी लागली नव्हती. श्रावण-भाद्रपदात मावळात जमिनीवर साखरेचा कण पडला, तरी मुंग्यांची दिंडी लागते. इथंही मुंग्यांची रांग चालली होती. ती भातापाशी येऊन वळसा घालून पुढं जात होती.

“मांजर तोंड लावत न्हाई,” बजरंग म्हणाला. त्याचा टवाळ आवाज कुठं गेला होता कोण जाणे. “कुत्रं दारात येतं, वास घेतं आन श्येपूट घालून जातं. परड्यात उंबर हाय ना, त्याच्यावरचं कावळं समदं गेलं. भाऊ, ही तुमच्या दुकानातली गोष्ट न्हाई. म्या डोळ्यानं बघितलंय.”

हौशीरामला हेच नको होतं. त्यानं स्वतः उठवलेल्या भुतांची त्याला भीती नव्हती. लेण्याच्या पायऱ्यांवर खाकी कपड्यातला माणूस भाकरी मागतो, ही गोष्ट त्याचीच होती. ती गावभर फिरून परत त्याच्याकडं आली, तेव्हा त्या माणसाला पागोटं आणि मिशा फुटल्या होत्या. पण मुंग्यांचं त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ते आपलं आपण घडत होतं.

जोशीबुवांनी घसा साफ केला. “हौशीराम, गावचा तिथं तू एकटाच होतास. म्हणून तुला विचारायचं. गेणू गेला कसा? शस्त्रानं गेला, की दुखण्यानं?”

“त्यानं काय फरक पडतो, बुवा?”

“पडतो तर. जो शस्त्रानं पडला, त्याचं पान घातचतुर्दशीला वाढायचं, पितृपंधरवड्यातल्या चतुर्दशीला. तो वीर. देवघरात त्याचा चांदीचा टाक बसवायचा, दर साली त्याला पुजायचं. पण दुखण्यानं गेला असेल, तर त्याचा दिवस वेगळा. चुकीच्या दिवशी वाढलं तर काय होतं? इकडं पान मांडलेलं, आणि जेवणारा दारात नाही. तो येतो तेव्हा चूल थंड.”

“म्हंजी उपाशी ऱ्हातो,” झुंबरबाई म्हणाली.

बुवांनी मान डोलावली.

ती हौशीरामकडं वळली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, तरी नजर त्याच्या तोंडावर बरोबर येऊन बसली. “मला येवढंच पायजे, बाबा. त्यो उपाशी ऱ्हाता कामा नये. त्याला भूक सोसत न्हवती. लहान व्हता तवा चुलीफुडं बसून भाताची उकळी मोजायचा. तू सांग. कसा गेला?”

आता हौशीरामला काय आठवलं ते सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा तुम्ही काय बोलला असता.

वेढ्यात आधी शिधा निम्मा झाला, मग मूठभर, मग मूठही झाकली. साहेबानं खेचरं कापायचा हुकूम दिला. शेवंतीला गेणूनंच दोरीनं धरून नेलं, कारण ती दुसऱ्या कुणामागं गेली नसती. तोफबिफ कसली, ती बिचारी पाण्याला भ्यायची. त्या रात्री मांस आलं. पुष्कळांनी खाल्लं नाही. हौशीरामनं डोळे मिटून खाल्लं, आणि ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. गेणूनं टोप पालथा घातला आणि तंबूबाहेर जाऊन बसला.

मग पुढं एका सकाळी गेणू सदऱ्याच्या घोळात हिरवा पाला भरून आला. चेहरा लग्नातल्यासारखा. “हौशीरामभाऊ, ह्ये बगा. कुर्डू गावली. नदीच्या अंगाला निस्ती माजलीय. आपल्या बांधावरची कुर्डू.”

पानं तशीच होती. लांबट, टोकदार, कोवळी. मावळातल्या माणसाला पहिल्या पावसानंतर बांधावर जे दिसतं आणि जे आई तव्यावर परतते, अगदी तेच. दुसऱ्या मुलखाच्या माणसानं तो पाला पायाखाली तुडवला असता. गेणूनं डब्यात शिजवला, सगळा खाल्ला. “मीठ पायजे व्हतं,” एवढंच म्हणाला. ती कुर्डू नव्हती. दुपारपर्यंत तो पोट धरून वळवळत होता, ओठाला हिरवा फेस, आणि घशातून एक आवाज यायचा, उलटी बाहेर पडत नाही तेव्हा येतो तसा. दिवस बुडाला तेव्हा आवाज थांबला.

“हौशीराम,” झुंबरबाई म्हणाली.

“गोळीनं,” हौशीराम म्हणाला.

मग जीभ आपली आपण चालू लागली, तिला सवयच होती. “छातीत बसली, मावशी. समोरनं. पाठ दावली न्हाई त्यानं. शेवंतीला गोळ्यांतनं काढाया फुडं गेला आन... लगीच. कळाबी न्हाई त्याला.”

“पोटात काय व्हतं त्याच्या?”

“भात. पोटभर जेवलाता. आंबेमोहोर.”

“आंबेमोहोर?” बजरंग म्हणाला. “तितं?”

“सायबाचा व्हता,” हौशीराम म्हणाला. “सायबाला वास आवडायचा.”

बजरंगनं तोंड उघडलं, काकीकडं पाहिलं आणि मिटलं. झुंबरबाई बराच वेळ हौशीरामच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मग तिनं हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही. “वीर झाला तर माझा गेणू,” ती म्हणाली, आणि जोशीबुवांनी चतुर्दशीचं ठरवून टाकलं.

वडगावच्या सोनाराकडं टाक घडवायला दिला. वीराच्या टाकावर घोड्यावरचा भालाईत असतो. हौशीरामनं सोनाराला सांगून धाडलं, की घोड्याचे कान जरा लांब कर. गावाला ते फार आवडलं. मारुतीच्या देवळामागं जुने वीरगळ आहेत, पावसानं झिजलेले, कुणाचे ते कुणाला माहीत नसलेले. झुंबरबाई रोज सकाळी त्यांना पाणी घालू लागली. “तुमच्यात माझं पोर आलंय,” ती त्या दगडांना सांगायची, “नवीन हाय, जरा सरकून घ्या.”

म्हणजे सगळं सरळ व्हायला हवं होतं. झालं उलटंच.

पडवीतल्या भाताला मुंगी लागली नाही ती नाहीच. उंबरावर कावळे आले नाहीत; त्यांच्या जागी एक कुटुर्गा येऊन बसला. हा पोपटाएवढा हिरवा पक्षी, पानात बसला की दिसत नाही, नुसता ओरडतो. मावळात तो उन्हाळ्यात ओरडतो, भाद्रपदात सहसा नाही. हा दिवसभर ओरडायचा. कुटर, कुटर, कुटर. जरा वारं पडलं, की शेवटचा र गळून जायचा आणि नुसतं ‘कुटं, कुटं, कुटं’ ऐकू यायचं. गावात आता कोयती हरवली तर कुणी “कुटं?” विचारत नव्हतं. गुपचूप शोधत होते.

आणि हौशीरामच्या तोंडाला हिरव्या पाल्याची चव आली होती. आधी पाण्याला, मग भाकरीला. बायकोनं, शालूबाईनं, केलेलं पिठलं त्यानं दोनदा थुंकलं.

“काय झालं त्याला?” शालूबाईनं विचारलं.

“पाला टाकलायस का?”

“पिठल्यात कशाला पाला घालू? म्हस हायेस का तू?”

तो आरशाच्या तुकड्यात ओठ बघून आला. ओठ कोरडे होते, हिरवे नव्हते. पण चव हिरवीच होती. दुकानात जाणं त्यानं सोडलं. गेलाच, तर बाकड्यावरची माणसं म्हणायची, “भाऊ, शेवंतीचं सांगा,” आणि त्याच्या घशाशी काहीतरी येऊन अडायचं. ज्या माणसाला खोटं बोलताना आयुष्यात अडखळावं लागलं नव्हतं, तो आता साधं “बरा हाय” म्हणताना अडखळू लागला. त्याला वाटे, कुणीतरी मागं उभं आहे आणि पान वाढायची वाट बघतंय.

चतुर्दशी आली ती वारा न घेता आली. आभाळ काळं, पण थेंब नाही. इंद्रायणीचं पाणी गढूळ आणि अजिबात आवाज न करता चाललेलं. माणसं मात्र बरीच जमली होती. वीराला कावळा शिवताना बघायचा होता. हौशीराम मागं उभा राहिला होता, पण झुंबरबाईनं त्याला हाताला धरून पुढं आणलं. “तू त्याच्या संगट व्हतास,” ती म्हणाली. “आजबी संगट ऱ्हा.”

बजरंगनं पिंड मांडला. शेजारी नवा टाक, लांब कानांच्या घोड्यावर बसलेला गेणू. पुढं केळीच्या पानावर भात, वडे, खीर, आमटी. जोशीबुवांनी नाव घेतलं, पाणी सोडलं. सगळे दहा-वीस पावलं मागं सरकले.

कावळे होते. नदीपल्याडच्या आंब्यावर ते ओळीनं बसले होते, एवढे की फांदी वाकली होती. एकही ओरडत नव्हता. तुम्ही कधी कावळे गप्प बसलेले पाहिलेत का? बघू नका.

“काहीतरी राहिलंय त्याचं,” जोशीबुवा हळूच म्हणाले. “त्याला शब्द द्या.”

बजरंग पुढं झाला. “दादा, काकीला म्या सांभाळीन. खाचर पडीक टाकणार न्हाई. टाक माझ्या पोरांच्या देवघरात ऱ्हाईल.” तो जरा घुटमळला. “आन तुझी कोयती म्याच नेलती. परत देतो.”

कावळे बसूनच.

माणसांत कुजबुज सुरू झाली. दिवस चुकला, कुणीतरी म्हणालं. जोशीबुवांनी मान वळवून हौशीरामकडं पाहिलं. “शस्त्रानंच ना रे?”

“गोळीनं,” हौशीराम म्हणाला. तोंडात पाल्याचा लोळा झाला होता. “छातीत. म्या सोता जखम बांधली.”

“लगीच गेला म्हणलावतात,” बजरंग म्हणाला.

“लगीच बांधली.”

कुणी हसलं नाही. तेवढ्यात झुंबरबाईनं पदराआडून एक द्रोण काढला. “थांबा,” ती म्हणाली. “मी इसरले. त्याची आवड ऱ्हायली. आता कुर्डू फुलाला आली, निबर झालीया, पर बांधाबांधानं हिंडून कवळं शेंडं खुडलं. ह्याच्याबिगर त्यो पानावर बसायचाच न्हाई.” तिनं वाकून द्रोण पिंडाच्या पुढ्यात ठेवला. “श्रावणात दहाव्यालाबी केलती. तवा येक कावळा आलाबी व्हता जवळ.” ती हौशीरामकडं वळली. “तवा तुझा दात व्हता.”

हौशीरामनं त्या द्रोणाकडं पाहिलं. तेलात परतलेला, काळपट हिरवा, वाफ निघणारा पाला.

पल्याडच्या आंब्यावरून एक कावळा सुटला. पाण्यावरून खालून खालून आला, वाळूत उतरला, उड्या मारत पिंडाकडं निघाला. झुंबरबाईचे ओठ हलत होते. “गेणू, कुटं आसशील तितनं ये. कुटं आसशील तितनं.” कावळा द्रोणापाशी आला. मान वाकडी करून त्यानं भाजीकडं पाहिलं. आणि तो मागं उडाला, पिसं फुलवून, चोच उघडी. त्याच्या घशातून आवाज निघाला तो काव काव नव्हता. उलटी बाहेर पडत नाही तेव्हा येतो तसा.

माणसं आणखी मागं सरली. एका बाईनं पोराचे डोळे झाकले. तो आवाज त्या काठावर उभ्या असलेल्या माणसांपैकी एकट्या हौशीरामच्या ओळखीचा होता.

पुढचं त्यानं ठरवून केलं नाही. जोशीबुवा “हौशीराम!” म्हणून अडवायला गेले तोवर तो पिंडापाशी पोचला होता. त्यानं तो द्रोण उचलला, छातीशी धरला आणि नदीत सोडला. द्रोण उलटला. हिरवा पाला पाण्यावर पसरला आणि गढूळात दिसेनासा झाला. हौशीरामनं टाकाकडं पाहून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. प्रार्थना म्हणा, नाहीतर तंबूतला जुना शब्द म्हणा. मग तो मागं येऊन उभा राहिला, ओल्या हातानं.

“वाट आडवली व्हती,” तो कुणी न विचारताच म्हणाला. “द्रोण मधी येत व्हता कावळ्याच्या.”

कावळा वाळूत तसाच उभा होता. त्यानं नदीकडं पाहिलं, पाला गेला तिकडं. मग दोन उड्या मारून पिंडाशी गेला आणि त्यानं भाताचा मोठा घास तोडला. त्याच्यामागून पल्याडची सगळी फांदी उठली. कावळ्यांनी काठ काळा केला. भात, वडे, खीर, काही म्हणता काही उरलं नाही. भुकेल्या माणसांची अख्खी पलटण जेवावी तसे ते जेवत होते, एकमेकांना न ढोसता, न ओरडता.

बजरंगनं हात जोडले. मग सगळ्यांनी जोडले. कुणी गेणूचं नाव घेतलं, कुणी देवाचं, आणि बराच वेळ नुसता चोचींचा आवाज येत राहिला.

“शिवला,” जोशीबुवा म्हणाले. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. “वीर तृप्त झाला.”

हौशीरामच्या घशातला लोळा उतरला. थुंकी गिळून बघितली. थुंकीला थुंकीचीच चव होती. एवढं हलकं त्याला कितीक दिवसांत वाटलं नव्हतं. माणसं त्याच्याकडं बघत होती, दुकानात बघायची तशीच, जरा पुढं सरकून. आणि अशी नजर समोर आली, की हौशीरामला गप्प बसणं जमायचं नाही.

“म्या त्याला तुर्की भाषेत सांगितलं,” तो म्हणाला. “कावळ्याला. तिकडचाच व्हता त्यो, मान बघितली का कशी करडी व्हती? आता ह्यावर तुमचा कुणाचा इस्वास बसायचा न्हाई, पर गोळी लागल्यावर गेणू माझ्या मांडीवर...”

झुंबरबाई मघापासून कावळ्यांकडं बघत नव्हती. ती हौशीरामच्या ओल्या हाताकडं बघत होती. हाताला अजून हिरवा डाग होता.

“हौशीराम,” ती म्हणाली, “गोळीनं मेलेल्या पोराला भाजीचं भ्याव कशापायी?”